वऱ्हाडातल्या मैदानांना अभ्यासक हवेत



शालेय कबड्डीचा सामना सकाळी नऊला असतो. पण सहा वाजता कोणीतरी मैदानावर फक्की मारत असतो. भाग्यपत्रिका आदल्या दिवशीच काढलेली असते. चौदा वर्षांखालच्या गटातल्या मुलांचे जन्मदाखले तपासून झालेले असतात, पंचांना फोन गेलेले असतात, पाण्याचे जार सावलीत लागलेले असतात. धामणगावहून निघालेला संघ वेळेत पोहोचला नाही तर कोणता सामना आधी लावायचा, हेही कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. प्रेक्षक चढाई पाहतात, पकड पाहतात. चढाईच्या आधीचे हे काम कोण पाहते? कोण शिकवते? आणि कोण लिहून ठेवते?

या कामाच्या अभ्यासाला क्रीडा व्यवस्थापन म्हणतात. हा विषय शिकवण्यात आणि त्यात संशोधन करण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांच्या कारकिर्दीबद्दल आज बोलायचे आहे. मुद्दे चार. हा विषय विद्यापीठात आला कसा. वऱ्हाडाची त्यातली पुंजी कोणती. आज या वाटेने जाणाऱ्या प्राध्यापकासमोर काय वाढून ठेवले आहे. आणि त्याने कोणते प्रश्न हाती घ्यावेत. चौथ्या मुद्द्याला वेळ जास्त लागेल, कारण खरे काम तिथेच आहे.

पहिला मुद्दा. १९५७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी जेम्स मेसन या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना एक पत्र लिहिले. संघाचा कारभार पाहील, स्टेडियम सांभाळेल असा शिकलेला माणूस हवा असेल तर तो कुठल्या विद्यापीठात शोधायचा, अशी त्या पत्रातली विचारणा होती. तसे शिक्षण तेव्हा कुठे मिळतच नव्हते. १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तो या विचारणेतून. पुढे १९८५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासकांनी आपली संघटना बांधली आणि १९८७ मध्ये 'जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट' हे नियतकालिक निघाले. विद्यापीठातला विषय म्हणून याचे वय साठीच्या आसपासचे आहे. अर्थशास्त्र किंवा इतिहास यांच्या मानाने ते फारच कोवळे.

आणि या कोवळ्या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये एक ठळक नाव भारतीय आहे: पॅकियानाथन चेल्लादुराई. ते शारीरिक शिक्षणाकडून व्यवस्थापनाकडे वळले. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून त्यांनी व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. मिळवली, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात शिकवले आणि नंतर अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. प्रशिक्षकाच्या नेतृत्वाबद्दलची त्यांची मांडणी जगभर शिकवली जाते. तिचा गाभा सांगायला चार वाक्ये पुरतात. परिस्थितीला प्रशिक्षकाकडून एक वागणूक हवी असते. खेळाडूंना एक वागणूक आवडते. प्रशिक्षक प्रत्यक्षात एका तऱ्हेने वागतो. या तिन्हींचा मेळ जितका चांगला, तितकी कामगिरी आणि समाधान वाढण्याची शक्यता जास्त.

हे मोजायचे कसे? १९८० मध्ये चेल्लादुराई आणि सालेह यांनी चाळीस विधानांची एक प्रश्नावली दिली. तिचे पैलू पाच: प्रशिक्षण, लोकशाही वागणूक, एकाधिकारी वागणूक, जिव्हाळ्याचा आधार आणि शाबासकी. आता ही प्रश्नावली अमरावतीच्या एखाद्या आखाड्यात नेली तर काय होईल? वस्ताद पहाटे उठवतो, पाचशे बैठका मारायला लावतो, चुकले तर सगळ्यांदेखत झापतो. त्याच पठ्ठ्याच्या घरी दूध गेले की नाही याचीही चौकशी करतो. बहिणीचे लग्न असेल तर मांडवात उभा राहतो. हा माणूस एकाधिकारी की आधार देणारा? परदेशात तयार झालेल्या पट्टीवर तो अर्धा एका रकान्यात बसतो, अर्धा दुसऱ्यात. पट्टी तयार करणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी समोर जे खेळाडू पाहिले त्यांच्यावरून ती बेतली. आपल्या वस्तादावरून पट्टी बेतायचे काम आपल्याकडच्या अभ्यासकाचे आहे.

आता दुसरा मुद्दा, वऱ्हाडाची पुंजी.

१९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत व्यायामाचे जे काम मांडले, त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. ही गोष्ट अमरावतीकरांना सांगायची गरज नाही. पण १९२४ सालाकडे मात्र सर्वांनी पुन्हा एकदा पाहायला हवे. त्या वर्षी मंडळाने उन्हाळी वर्ग सुरू केले. गावोगावच्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना बोलवायचे, काही आठवडे शिकवायचे आणि परत आपापल्या गावी पाठवायचे. खेळाडू घडवणारा आखाडा गल्लोगल्ली होता. खेळ शिकवणारा, वर्ग चालवणारा माणूस घडवणे, ही त्या काळातली मोठी झेप होती.

त्याच १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. आसने आणि प्राणायाम त्यांनी प्रयोगशाळेत नेले, क्ष-किरणांनी पाहिले, मोजले, छापले. एकाच साली, एकाच भाषेच्या मुलखात, एका ठिकाणी शिकवण्याची घडी बसली आणि दुसऱ्या ठिकाणी संशोधनाची. क्रीडा व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाला दोन्ही घराणी लागतात. अमरावतीने त्याला वर्ग कसा घ्यावा हे शिकवावे आणि लोणावळ्याने आपल्याच परंपरेला प्रश्न कसे विचारावेत हे शिकवावे.

मग आले १९३६. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर केली. आपण हा प्रसंग अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण व्यवस्थापनाचा अभ्यासक इथे थांबणार नाही. तो विचारील: पैसा कसा उभा राहिला? पारपत्रे कोणी काढली? कोणाला न्यायचे आणि कोणाला मागे ठेवायचे, हे कोणत्या कसोटीवर ठरले? बोटीवर सराव कसा टिकवला? मल्लखांब जन्मात न पाहिलेल्या माणसांसमोर त्याची मांडणी कशी केली? हे नुसते कुतूहल नाही. आजही एखादा संघ परदेशी जातो तेव्हा हेच पाच प्रश्न पडतात, आणि दर वेळी त्यांची उत्तरे पहिल्यापासून शोधावी लागतात.

कबड्डीचा पुढचा प्रवास पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुणे, सातारा, बडोदा इथल्या मंडळांनी नियमांना आकार दिला. शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या संघटकांनी त्यासाठी हाडाची काडे केली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत या खेळाचे पदक सुरू झाले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, मॅट आले, दिवे आले, लिलाव आले. मातीतला एक खेळ शंभर वर्षांत नियमांपर्यंत, नियमांतून महासंघापर्यंत, महासंघातून पदकापर्यंत आणि पदकातून दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचतो, यापेक्षा मोठा पाठ क्रीडा व्यवस्थापनाच्या वर्गात दुसरा कोणता असेल? आपल्या विद्यार्थ्यांना अमेरिकी बास्केटबॉल लीगची उदाहरणे जरूर द्यावीत. कबड्डीचे उदाहरण मात्र आधी द्यावे.

अमरावतीत १९६७ मध्ये मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू झाले. त्या आधी १९३८ मध्ये मुंबईला कांदिवलीत सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली होती. तिचे प्राचार्य पी. एम. जोसेफ पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. जोसेफ यांनी 'ऑर्गनायझेशन ऑफ फिजिकल एज्युकेशन' हे पुस्तक लिहिले. नावातच विषय आहे: संघटन. आणि मराठीत? बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. महायुद्धाच्या टंचाईतही हे काम चालू राहिले. आज बी.पी.एड.च्या विद्यार्थ्याला क्रीडा व्यवस्थापन मराठीतून वाचायचे असेल तर हाती येतात त्या परीक्षेपुरत्या नोट्स. दहा खंड लिहिणाऱ्या भाषेची ही स्थिती मनाला लागते.

तिसरा मुद्दा: आजची कारकीर्द.

या वाटेला लागलेला तरुण आधी खेळाडू असतो. मग बी.पी.एड., एम.पी.एड., नेट किंवा सेट, पेट आणि पीएच.डी. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. पदवी हाती आली तरी पुष्कळांच्या वाट्याला अनेक वर्षे तासिका तत्त्वावरचे काम येते. तासाला मोबदला, सुट्टीत काहीच नाही. कायम जागा मिळाली तर ती बहुधा शारीरिक शिक्षण संचालकाची असते: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, संघनिवड, गणवेशाची खरेदी, प्रवासभत्त्याची बिले, क्रीडादिन. म्हणजे दिवसभर तो व्यवस्थापन करतो. पण त्याच्या संशोधनाचा विषय काय असतो?

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणातल्या पुष्कळ प्रबंधांचा साचा एकच. अमुक जिल्ह्यातले कबड्डीपटू आणि खो-खोपटू घ्यायचे, रेनर मार्टेन्स यांची १९७७ ची स्पर्धा-चिंतेची चाचणी भरून घ्यायची, सरासरी काढायची, टी-मूल्य काढायचे आणि लिहायचे: दोन्ही गटांत सार्थ फरक आढळला, किंवा आढळला नाही. चाचणी उत्तम आहे, पद्धतही नियमाला धरून आहे. पण त्या निष्कर्षाने अकोल्यातल्या एकाही शाळेच्या मैदानावर उद्या काही बदलते का? ज्या माणसाने वीस वर्षे स्पर्धा भरवल्या, ज्याला कुठला संघ कशामुळे गळतो हे तोंडपाठ आहे, त्याचे ते ज्ञान प्रबंधात येतच नाही. ते त्याच्यासोबत निवृत्त होते.

म्हणून चांगल्या कारकिर्दीची कसोटी साधी ठेवावी. प्राध्यापक दिवसा जे करतो आणि रात्री जे लिहितो, ते एकमेकांच्या उपयोगी पडते का? चेल्लादुराईंच्या कामात त्याचे उत्तर दिसते. प्रशिक्षकाचे रोजचे वागणे हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

आता चौथा आणि सर्वांत मोठा मुद्दा: प्रश्न कोणते?

सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करू. वऱ्हाडची जमीन काळी, कापसाची. पावसात ती फुगते, बुटाला किलोभर चिखल धरते. एप्रिल-मेमध्ये आकसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला जी जमीन सोने, ती धावपटूच्या घोट्याला धोका. त्यात मुरूम टाकायचा तर किती जाडीचा? खालून पाणी काढायला चर कुठून काढायचे? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. तिथल्या विहिरीच्या पाण्याने मैदान शिंपले तर जमिनीचे काय होते, हिरवळ टिकते का? क्रीडा संकुलाचा नकाशा पुण्यात आणि वऱ्हाडात एकच चालेल का? अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथे मृदाशास्त्राचे जाणकार आहेत. शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक आणि मृदाशास्त्राचा प्राध्यापक यांनी तालुक्याच्या एका मैदानावर एकत्र दोन पावसाळे काढले, तर काळ्या जमिनीवर मैदान कसे करावे याचे मराठी हस्तपुस्तक तयार होईल. मराठवाड्यापासून माळव्यापर्यंत जिथे जिथे काळी जमीन आहे, तिथे ते उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न उन्हाचा. अकोला देशातल्या उष्ण शहरांपैकी एक. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. आणि शिबिरे कधी? उन्हाळ्याच्या सुट्टीत. कारण मुले तेव्हाच मोकळी. सराव किती वाजता थांबवायचा, पाणी किती मिनिटांनी द्यायचे, कोणत्या तापमानाला स्पर्धा पुढे ढकलायची, हे आज प्रत्येक शिक्षक स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. त्याचा अंदाज बहुधा बरोबरही असतो. पण तो लिहिलेला नियम झाला तर नव्या शिक्षकाला पालकांसमोर आणि मुख्याध्यापकांसमोर ठामपणे उभे राहता येईल.

तिसरा प्रश्न मुलींचा. शालेय स्पर्धांचे वयोगट तीन: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. चौदाच्या गटात जी मुलगी तालुक्यातून जिल्ह्याला गेली, ती सतराच्या गटात दिसते का? एकोणिसाच्या? आणि दिसत नसेल तर ती गेली कुठे? खेळावरचे प्रेम आटले म्हणून गेली, की गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेपाचला सुटते आणि सराव सहाला संपतो म्हणून गेली? मैदानाजवळ स्वच्छतागृह नव्हते म्हणून? दहावीचे वर्ष आले म्हणून? प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा. बसची वेळ बदलायची तर आगारप्रमुखाला भेटावे लागते. त्याला प्रेरणादायी भाषणाचा उपयोग नाही. स्पर्धांच्या प्रवेशिका जमा होत असतात. त्यांतली नावे वर्षामागून वर्ष लावून पाहणे आणि गळलेल्या मुलींच्या घरी जाऊन विचारणे, एवढ्यातून उत्तम पीएच.डी. होईल. तिला महागडे उपकरण लागत नाही. पायपीट लागते, आणि माणसांशी बोलण्याची माया लागते.

चौथा प्रश्न: छोट्या गावातला खेळाडू वर येतो कसा? उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा अमरावतीचा, सलामीवीर अथर्व तायडे अकोल्याचा. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये कंपाउंड तिरंदाजीत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात प्रथमेश जावकर होता, तो बुलढाण्याचा. या तिघांचे यश त्यांचे, त्यांच्या घरच्यांचे आणि गुरूंचे. पण त्यामागे एक व्यवस्थाही असते. विदर्भाने रणजी करंडकात पाऊल ठेवले १९५७-५८ मध्ये, आणि करंडक पहिल्यांदा जिंकला २०१७-१८ मध्ये. मध्ये साठ वर्षे. त्यानंतर २०१८-१९ मध्ये पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. साठ वर्षांत एकही नाही आणि पुढच्या आठ वर्षांत तीन! या काळात काय बदलले? चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक आला, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज संघात आला, निवासी अकादमी झाली, क्रिकेट संघटनेच्या हाती पैसा आला. यातल्या कशाचा वाटा किती? आणि तो अनुभव कबड्डीच्या, बॉक्सिंगच्या, तिरंदाजीच्या जिल्हा संघटनेला, जिच्याकडे तेवढा पैसा नाही, कितपत लागू पडतो? याचे नीट, आकड्यांनिशी लिहिलेले उत्तर साऱ्या देशाला हवे आहे. ते लिहायला वऱ्हाडातल्या माणसाइतका जवळचा दुसरा कोण?

पाचवा प्रश्न कायद्याचा आणि हिशेबाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांसाठी न्यायाधिकरण, कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना आणि महिलांना स्थान, अशा तरतुदी त्यात आहेत. आज हा कायदा दिल्लीचा वाटतो. पण राष्ट्रीय महासंघाला शिस्त लागली की ती राज्य संघटनेकडे आणि तिथून जिल्ह्याकडे उतरणारच. इतिवृत्त लिहिणे, लेखापरीक्षण, निवडणूक, तक्रारींची नोंद हे सगळे नीट येणारी माणसे लागतील. दुसरे उदाहरण आपल्या शिवारातले. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सर्वांना ठाऊक आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, नंतर राज्याने कायदा दुरुस्त केला आणि १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने तो वैध ठरवला. आता पट भरवायचा म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांची तपासणी, अटींचे पालन. जोडी तीच, धुरकरी तोच, पण आयोजकाचे काम पार बदलले. पट भरवणाऱ्या गावकऱ्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग कोणत्या महाविद्यालयाने घ्यायचा? ज्या शहराने १९२४ मध्ये कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी वर्ग काढले, त्या शहराने.

थोडक्यात सांगायचे तर असे. विषय परदेशात पदवीपर्यंत पोहोचला, पण त्याचे काम आपल्याकडे आधीपासून चालू होते. अमरावतीने शिकवण्याची परंपरा दिली, लोणावळ्याने तपासून पाहण्याची, बडोद्याने लिहून ठेवण्याची. आजच्या प्राध्यापकाला या तिन्ही परंपरांचा वारसा आहे; मात्र त्याची नोकरी कच्ची आहे आणि संशोधनाचा साचा जुना आहे. जमीन, ऊन, मुली, छोट्या गावातला खेळाडू आणि संघटनेचा कारभार हे पाच प्रश्न त्याची वाट पाहत आहेत.

म्हणून या सभेत बसलेल्यांकडे तीन मागण्या. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने एम.पी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका खऱ्या स्पर्धेचा सविस्तर अहवाल लिहून घ्यावा: खर्च किती आला, किती संघ आले, काय बिघडले, कसे सावरले; आणि हे अहवाल ग्रंथालयात सर्वांना वाचायला ठेवावेत. जुन्या मंडळांनी आणि आखाड्यांनी आपल्या कपाटांतल्या वर्गणीच्या वह्या, इतिवृत्ते, पत्रे आणि छायाचित्रे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी अभ्यासकांसाठी खुली करावीत. आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण शिक्षकांच्या जागा शासनाने भराव्यात, कारण दोन पावसाळे चालणारा अभ्यास तासाच्या हिशेबाने होत नाही. यातली पहिली मागणी या शैक्षणिक वर्षातच सुरू करता येईल. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा दरवर्षी होतातच. फक्की मारणाऱ्या माणसाशेजारी वही घेऊन एक विद्यार्थी उभा करायचा, एवढेच ठरवायचे आहे.